सात वेढे

माघी गणपतीला चार आठवडे उरले होते. रविवारची सकाळ होती. सातेरी चाळीतलं नळाचं पाणी नुकतंच गेलं होतं, बायका हंडे कमरेवर घेऊन टेकडी चढत होत्या, आणि नलिनी स्टुलावर उभी राहून माळ्यावरून आपल्या बापाचा अँप्लिफायर खाली काढत होती. एकटीच. हाक मारली असती तरी त्या खोक्याला हात लावायला चाळीतलं एक माणूस पुढे आलं नसतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"कित्याक काढतंस तो खोको?" तिची आई जानकी खालून म्हणाली. "वर होतो तो बरो होतो."

"सात वर्षं बरा होता. आता पुरे," नलिनी म्हणाली आणि ते धूड छातीशी धरून एकेक पाय टाकत उतरली.

असल्फ्याच्या टेकडीवरची ही चाळ. खाली घाटकोपर-अंधेरी रस्ता, मागे उघडा डोंगर आणि डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारी विमानं, इतकी खालून जाणारी की फळीवरची भांडी किणकिणायची. सगळी माणसं एकाच तालुक्यातली. पुरुष बहुतेक गिरणीत. म्हणजे होते. संपानं कोण गावाला गेला, कोण वॉचमन झाला, कोण घरी बसला. नलिनी मात्र त्याच्या आधीपासून अंधेरीच्या सीप्झमधल्या एका कारखान्यात जात होती. परदेशी जाणाऱ्या कसल्याशा यंत्रांच्या पट्ट्यांवर कथिलाचे डाग द्यायचे, म्हणजे सोल्डरिंग, दिवसाला चारशे-पाचशे. तिशी उलटली, लग्न जमलं नाही, पण तिचा डाग कधी सुटला असं सुपरवायझरसुद्धा म्हणू शकला नव्हता. कुणी नजर रोखली तर ही दुप्पट रोखायची. बापावर गेली होती म्हणायची सोय नाही, कारण बाप बिचारा गायीसारखा गरीब.

आता त्या बापाचं सांगायला हवं.

गुणाजी गिरणीत सूतखात्यात होता आणि चाळीच्या मंडळाचा माइकवाला होता. गिरणीच्या कँटीनमधून मोडीत निघालेला हा अँप्लिफायर त्यानं डोक्यावर वाहून आणला आणि स्वतःच्या हातानं उभा केला. राखाडी पत्र्याचं खोकं, आत काचेचे चार मोठे व्हॉल्व्ह. चालू केला की मिनिटभर काही नाही, मग काचेत निखारे फुलल्यासारखे दिसायचे आणि स्पीकरमधून बारीकशी घूं सुरू व्हायची. ती घूं यायची अर्थिंगच्या वायरीमुळे. साफ आवाजाचे शौकीन माइकवाले सरळ ती वायर तोडून टाकत. गुणाजीनं कधी तोडली नाही. "घूं घूं आसा तवसर जीव आसा," असं तो म्हणायचा. यंत्रात वीज उतरली तर ती त्या वायरीतून जमिनीत जाते, माणसाच्या अंगातून जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि त्याची एक सवय होती. वायर जोडली, डाग दिला, की तो सांध्यावर गिरणीतलं सूत गुंडाळायचा. बरोबर सात वेढे आणि वर एक गाठ. गाठ मारण्याआधी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायचा. तोंडात कायम तंबाखू, त्यामुळे प्रत्येक गाठीचं टोक तपकिरी. लहानपणी नलिनी त्याला म्हणायची, शी बाबा! तो हसायचा आणि पुन्हा तेच करायचा.

ऐंशी सालच्या माघी पूजेला ते झालं. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला नको. जाणता माणूस देवापुढे उभा राहतो, एकेक मागणं मोठ्यानं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "होय म्हाराजा!" चाळीचं गाऱ्हाणं धाकूतात्या घालायचे. त्या सकाळी ते गुणाजीला सगळ्यांदेखत म्हणाले, "गुणा, माझ्या गाऱ्हाण्यात ही तुझी माशी कित्याक गुणगुणता रे?" लोक हसले. मग धाकूतात्या अनवाणी, नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर उभे राहिले, लोखंडी माइक हातात घेतला आणि सुरुवात केली. चार मागणी झाली. पाचव्याला ते म्हणाले, "आणि ह्या चाळीतली जी लेकरां कामाधंद्याक भायर पडतत, तेंका सुखरूप घराक—"

तेवढ्यात घूं थांबली. आवाज एकदम साफ झाला. पुढच्या क्षणी तात्या माइक मुठीत आवळून ताठ झाले आणि तसेच खाली आले.

तात्यांचा मुलगा राजाराम, आताचा मंडळाचा अध्यक्ष, त्यानंच झाकण उघडून सगळ्यांना दाखवलं. अर्थची वायर तुटलेली. तुटलेली कसली, कापलेली, ब्लेडनं कापावी तशी. सकाळी तात्या बोलले म्हणून गुणाजीनं घूं घालवायला वायर तोडली, एवढा हिशेब लावायला कुणाला वेळ लागला नाही. गुणाजी सातेरीदेवीची शपथ घेऊन सांगत राहिला, "मी जोडलेली होती. मी तोडूक नाय." कोण ऐकतंय! पोलीस आले, अपघात म्हणून लिहून गेले. चाळीनं मात्र आपला निकाल दिला. पुढे संप आला, घरं बसली, पोरं गावाला गेली, तेव्हा म्हातारी माणसं म्हणायला लागली की तात्यांचं ते मागणं 'होय' न मिळता अर्धं लोंबकळत राहिलं म्हणून हे सगळं. म्हणजे संपसुद्धा गुणाजीच्याच माथी. चौऱ्याऐंशीला तो वारला तेव्हा खांद्याला माणसं मिळाली, पण मोजून चार.

नलिनीच्या मनाला याहून मोठी एक बोच होती. तात्या गेले त्या रविवारी ती ओव्हरटाइमला होती. घरी आली, ऐकलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, खरंच जोडली होती ना?" गुणाजीनं तिच्याकडे बघितलं. त्यानंतर त्या विषयावर तो तिच्याशी मरेपर्यंत बोलला नाही.

यंदा मंडळाचं पंचविसावं वर्ष. मीटिंगमध्ये राजाराम म्हणाला, "डेकोरेटरचा नवा सेट आणू. आणि जानकीकाकीच्या माळ्यावरचा तो खोका भंगारात द्या एकदाचा. एक माणूस खाल्ला तेवढा पुरे." नलिनी बायकांच्या बाजूला बसली होती. ती उठली.

"नवा सेट नको," ती म्हणाली. "माझ्या बाबांचं मशीन वाजेल. गाऱ्हाणं त्याच्यावरच होईल."

"नले, बस खाली."

"नाही बसत. आधी तुला घरी बोलावून वाजवून दाखवते, राजादादा. मग तूच सांग लोकांना, काय ते."

तर असा तो खोका त्या रविवारी खाली आला.

झाकण काढल्यावर जुन्या मेणाचा आणि जळक्या धुळीचा वास आला. झुरळांची अंडी होती, कंडेन्सर फुगून फुटलेले होते, रबर कडक होऊन तुकडे पडत होते. पण बापाचं काम तसंच होतं. वायरींचे जुडगे सुतानं बांधलेले, प्रत्येक सांध्यावर सात वेढे, प्रत्येक गाठीला वाळलेलं तपकिरी टोक. नलिनीला एकदम रडू फुटलं. तिनं ते पुसलं आणि टेस्टर हातात घेतला. अर्थच्या वायरीची दोन टोकं सुटी पडली होती. आणि खोक्याच्या तळाला धुळीत सुताची बारीक बारीक कडी पडली होती, बारा-तेरा तरी असतील. कापलेल्या सांध्यांवरून निसटून पडावीत तशी. इतकी कशी ते तिला कळेना. तिनं ती गोळा करून बापाच्या पत्र्याच्या डबीत टाकली. डबीत सुताचं रीळही होतं, पण नुसतं लाकूड. सूत कधीच संपलं होतं.

पुढचे दोन आठवडे ती कामावरून आली की चहा घेऊन त्या खोक्यापुढे बसायची. लॅमिंग्टन रोडवरून कंडेन्सर आणले. ट्रान्सफॉर्मर एका म्हाताऱ्या वायंडरकडून नव्यानं गुंडाळून घेतला, म्हणजे विजेची जुनी गळती असलीच तर संपली. व्हॉल्व्हचे पाय पॉलिश पेपरनं घासले. पहिल्यांदा चालू करताना मध्ये बल्ब लावला, काही बिघाड असला तर बल्ब भडकतो. भडकला नाही. अर्थची वायर तिनं शेवटी जोडली, दोन्ही टोकं पीळ देऊन, भरपूर कथिल घालून, आणि बाहेर मोरीतल्या लोखंडी पाइपला नेऊन आवळली. मीटर लावून बघितलं. पत्र्यात एक कण वीज उतरत नव्हती.

मिनिटभरानं निखारे फुलले. स्पीकरमधून घूं आली. सात वर्षांनी. आई चुलीपाशी होती, तिचा हात थांबला.

"ऐकलंस?" नलिनी म्हणाली. "झकास!"

आईनं चुलीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मशीन लावलं तर आवाज साफ. घूं नाही. तिला आधी बरं वाटलं, मग बाबांचं घूंवरचं बोलणं आठवलं. तिनं टेस्टर पत्र्याला टेकवला आणि आतली लाल ठिणगी पेटली. मीटर लावला, मीटर म्हणे वीज नाही. टेस्टर पुन्हा पेटला. तिनं प्लग काढला, झाकण उघडलं. अर्थची वायर कापलेली होती, तिच्या डागाच्या बरोबर मधून, तिरकी. कापलेलं तांबं चकचकत होतं.

आपलाच डाग कच्चा राहिला असेल असं म्हणावं तर डाग सुटतो, कापला जात नाही. उंदीर म्हणावं तर दातांच्या खुणा नाहीत. तिनं आईकडे बघितलं.

"माका सुयेत दोरो ओवूक दिसत नाय," आई म्हणाली, "मी काय कापतलंय?"

तिनं पुन्हा जोडली. यावेळी नवी जाड वायर घातली. दोन दिवस घूं होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घूं नाही, टेस्टर पेटतोय, वायर तिरकी कापलेली. मग तिनं कारखान्यातली युक्ती केली. कुणी यंत्र उघडू नये म्हणून तिथे स्क्रूच्या डोक्यावर रंगाचा ठिपका देतात. उघडलं की ठिपका फुटतो. तिनं शेजारच्या शकुकडून लाल नेलपॉलिश आणलं आणि आठही स्क्रूंवर ठिपके दिले. शनिवारी दुपारी हाफ डे करून ती घरी आली, मशीन लावलं. साफ आवाज. आठही ठिपके अखंड होते. तिनं ते स्वतः फोडले आणि झाकण उचललं.

वायर कापलेली होती.

ती भिंतीला टेकून बसली. भर दुपारचे दोन वाजले होते, बाहेर पोरं लगोरी खेळत होती, विमान गेलं, भांडी किणकिणली. तिला भीती वाटली. खोटं कशाला सांगा, अंगावर काटा आला.

"तुजो बापूसय असोच बसायचो," आई म्हणाली.

नलिनीनं वर बघितलं.

"तात्या गेल्यार, रातचो, मी झोपलंय असा समजान खोको उघडायचो. वायर जोडायचो, दोरो बांधायचो, झाकण लावायचो. चार दिसांनी परत उघडायचो तर तुटलेली. माका एकदा इचारल्यान, जानके, ही कोण तोडता गे? मी काय सांगतलंय? गप रवलंय."

"आणि तू मला आज सांगतेस?" नलिनी ओरडली. "इतकी वर्षं?"

"कोणाक सांगूचा? लोक येडो म्हणले असते. खुनी म्हणत होते ता काय कमी होता?"

नलिनी उठली आणि तिनं ती पत्र्याची डबी उघडली. सुताची कडी तळहातावर घेतली आणि मोजली. तेरा. तेरा वेळा त्या माणसानं बसून वायर जोडली होती, सात वेढे घातले होते, जिभेवर टोक ओलं केलं होतं. आणि आपण त्याला विचारलं होतं, खरंच जोडली होती ना.

"बाबा खरं बोलत होते," ती म्हणाली. रडत होती आणि हसतही होती. "आई, बाबा खरं बोलत होते!"

"बरा. कळला ना? आता वर ठेव ता."

"आता तर मुळीच नाही ठेवणार."

दुसऱ्या दिवशी, पूजेच्या आधीच्या रविवारी, तिनं राजारामला बोलावलं. सकाळी अकराला तो आला. मागोमाग दारात आठ-दहा माणसं जमली, चाळीत काही लपत नाही. राजाराम चाळिशीचा, अंगानं दणकट, तात्यांसारखंच रुंद कपाळ. तो आत येऊन खुर्चीवर बसला आणि खोक्याकडे बघायचं टाळत राहिला.

नलिनीनं काही लपवलं नाही. पहिल्यापासून सगळं सांगितलं. राजारामनं ऐकून घेतलं.

"नले, तुझा बाप गेला, मला वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण भुताखेताच्या गोष्टी सांगून तू त्याला सोडवशील तर ते नाही चालायचं. माझा बाप माझ्या डोळ्यांसमोर गेला गं. त्याची मूठ सोडवायला तिघं लागले."

"म्हणून तर तुला बोलावलं. भूत आहे असं मी कुठे म्हटलं? काय आहे मला माहीत नाही. बाबांनी वायर तोडली नाही, एवढं माहीत आहे. तू बघ."

तिनं त्याच्यासमोर वायर जोडली. त्याला ओढून बघायला लावली. त्यानं दोन्ही हातांनी ओढली, हलली नाही. राजारामनं त्या सांध्यावर कागदाची पट्टी डकवली आणि तिच्यावर स्वतःची सही केली. मग झाकण लावलं, स्क्रूंवर ठिपके दिले. मशीन चालू केलं. निखारे फुलले, घूं आली. नलिनीनं त्याच्या हातात टेस्टर दिला. त्यानं पत्र्याला टेकवला. पेटला नाही.

"आता?"

"आता थांबायचं."

दहा मिनिटं गेली. वीस गेली. घूं चालू होती. दारातलं कुणीतरी खोकलं, कुणी हसलं. राजाराम उठला.

"झालं? एवढ्यासाठी माणसं जमवलीस?" त्याचा आवाज चढला. "एवढा भरवसा आहे ना तुझा बापाच्या कामावर? मग तो माइक घे हातात. माझ्या बापानं घेतला होता तसा."

"राजारामा!" आई म्हणाली.

नलिनीनं विजेच्या कामाला घातलेल्या रबरी चपला काढल्या. आईनं नुकतीच लादी पुसली होती, ओली होती अजून. ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिनं माइक उचलला. तोच, लोखंडी. गार होता.

"नुसता धरत नाही," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचं गाऱ्हाणं घालते. सात वर्षं अर्धं राहिलंय. कुणाची पुरं करायची छाती झाली नाही."

"बायमाणसान गाऱ्हाणा?" दारातून एक म्हातारा म्हणाला.

"मग या, तुम्ही धरा माइक," नलिनी म्हणाली. म्हातारा दोन पावलं मागे सरला.

तिनं डोळे मिटले नाहीत. राजारामकडे बघत सुरुवात केली. "बा देवा गणराया म्हाराजा! आज तुझ्या पायाशी सगळी लेकरां एकवट झाली असत. जी काय येडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

सवय कुठे जाते! दारातून आलंच, "होय म्हाराजा!"

"कोणाची काय चूकभूल झाली असात, तर ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कोणी कोणावर खोटो आळ घेतलो असात, तर तेका खरा दाखव रे म्हाराजा!"

हे मागणं तात्यांचं नव्हतं. दारातून कमी आवाज आले. राजारामचे ओठ हलले नाहीत. तो टेस्टर पत्र्याला टेकवून उभा होता.

"आणि ह्या चाळीतली जी लेकरां कामाधंद्याक भायर पडतत, तेंका सुखरूप घराक—"

घूं थांबली.

खोलीत इतकी शांतता झाली की मोरीतला थेंब ऐकू आला. राजारामच्या हातातली ठिणगी लाल पेटली.

"नले, सोड!" तो ओरडला. "सोड तो!"

तिला सोडता आला नाही. बोटांतून मुंग्या निघाल्या, मनगटात आल्या, कोपरात आल्या. मूठ आपोआप आवळली गेली. जबडा जड झाला.

प्लग टेबलामागे होता. राजारामनं झेप घेतली, टेबल सरकेना.

मुंग्या खांद्यात आल्या.

नलिनीला तेव्हा मरणाची भीती वाटली नाही. संताप आला. सात वर्षांचा. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि तो जबडा उघडला.

"—सुखरूप घराक आण रे म्हाराजा!"

कुणी बोललं नाही. दारातली माणसं दगड झाली होती.

मुंग्या मानेपर्यंत आल्या.

"होय म्हाराजा," आई म्हणाली. एकटीच.

मग टेबलामागून, गुडघ्यांवर बसलेला राजाराम म्हणाला. "होय म्हाराजा."

आणि घूं परत आली.

नलिनीची मूठ सुटली. माइक लादीवर पडला, त्याचा ठण्ण आवाज स्पीकरमधून घुमला. ती खाली बसली. हात पांढराफटक पडला होता, पण तिचा होता, हलत होता. राजारामनं टेस्टर पत्र्याला लावला. पुन्हा लावला. पेटला नाही.

त्यानं प्लग काढला. स्क्रूंवरचे आठही ठिपके सगळ्यांना दाखवले. अखंड. मग त्यानंच ते फोडले आणि झाकण उचललं, जसं सात वर्षांपूर्वी उचललं होतं.

त्याच्या सहीची कागदी पट्टी मधोमध कापलेली होती. तिच्याखालची वायर तिरकी कापलेली होती, तांबं चकचकत होतं. आणि ती दोन कापलेली टोकं शेजारी शेजारी धरून कुणीतरी सुतानं आवळून बांधली होती.

राजारामनं मोठ्यानं मोजलं. सात वेढे झाले. वर एक गाठ.

मग तो दाराकडे वळला. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही. "गुणाकाकांनी जोडली होती," तो म्हणाला. "ऐकलंत सगळ्यांनी? काकांनी जोडली होती. आम्ही चुकलो."

आईनं पदर तोंडात कोंबला होता.

"सूत कुठून आणलंस?" राजारामनं हळूच विचारलं.

नलिनीनं डबीतलं रिकामं रीळ त्याच्यापुढे ठेवलं. मग तिनं तो बधिर हात पुढे केला आणि गाठीला बोट लावलं. टोक तपकिरी होतं. अजून ओलं होतं.